बसलेल्या माणसाचं ओझं

धुळ्याच्या बाहेर, मुंबई-आग्रा महामार्गापासून थोडं आत, एका लाकडाच्या वखारीत मी हे काम पहिल्यांदा नीट पाहिलं. नीट म्हणजे सकाळी सातपासून दुपारच्या जेवणापर्यंत, जागचा न हलता. ट्रॅक्टरच्या मागे हायड्रॉलिकवर चालणारी लोखंडी पकड बसवली होती. तिला तिथे सगळे ग्रॅबर म्हणत. निलगिरीचे आणि बाभळीचे ओंडके जमिनीवरून उचलायचे आणि ट्रकच्या हौद्यात रचायचे. चालवणारा मुलगा तिशीच्या आतला. स्टिअरिंग त्याच्यापुढे आणि काम सगळं पाठीमागे. पाय पेडलवर, कमरेखालचं अंग पुढे, खांदे अर्धे वळलेले आणि मान पार मागे. पकड जमिनीवर टेकली की तो सीटवरून थोडा उठे, ओंडका दिसला की परत आदळून बसे. सीटवर गोधडीची चौघडी होती. त्याची मान किती वेळा मागे वळते ते मी मोजायला लागलो आणि अर्ध्या तासात सोडून दिलं, कारण मान पुढे येतच नव्हती.

जेवताना मी त्याला कमरेचं विचारलं. तो म्हणाला, "बसेल मानूसले काय व्हस, आसं सम्दा म्हनतस." बसलेल्या माणसाला काय होतंय, असं सगळे म्हणतात. मग हळूच म्हणाला की रात्री कूस बदलताना जाग येते. याच वखारीत त्याचा काका पंधरा-वीस वर्षं खांद्यावरून ओंडके वाहत होता. काकाच्या खांद्यावर घट्टा आहे, मुठीएवढा. गावात कुणालाही तो दाखवता येतो आणि दाखवला की पुढचं काही सांगावं लागत नाही. पुतण्याकडे दाखवण्यासारखं काही नाही.

हे पुस्तक त्या पुतण्यासाठी आहे. लाकूड, ऊस, माती, खडी भरणाऱ्या यंत्रांवर बसणाऱ्या माणसाच्या शरीराचं काय होतं आणि ते होऊ नये म्हणून काय करता येतं, हा याचा विषय. व्यवसायानं मी फिजिओथेरपिस्ट. जळगावातल्या माझ्या टेबलावर मान, कंबर आणि गुडघे घेऊन येणाऱ्यांत यंत्रावर बसणारे वाढत गेले आणि त्यांना समजून घ्यायला मराठीत माझ्या हाती काहीच लागेना, म्हणून या कामात ओढला गेलो.

या विषयाला जगभर अर्गोनॉमिक्स म्हणतात. मराठीत अजून रुळलेला शब्द नाही, म्हणून आम्ही तोच ठेवला आहे. पोलंडच्या वोइचेख यास्त्शेंबोव्स्की यांनी १८५७ मध्ये दोन ग्रीक शब्द जोडून तो घडवला: एर्गॉन म्हणजे काम आणि नोमॉस म्हणजे नियम. काम माणसाच्या मापाचं करायचं, माणूस कामाच्या मापाचा नाही, एवढाच त्याचा गाभा. आपल्याकडे हे नवं नाही. गावचा सुतार रुमणं घडवायचा तेव्हा ते कुणाच्या हाती जाणार हे त्याला ठाऊक असायचं. उंच गड्याचं रुमणं आणि ठेंगण्या गड्याचं रुमणं वेगळं. कुऱ्हाडीचा दांडा मुठीत धरून, एकदा हवेत फिरवून मगच घरी नेला जाई. अवजार कारखान्यातून यायला लागलं आणि घडवणारा व वापरणारा यांची गाठभेट संपली. हा विषय त्या तुटलेल्या गाठीतून उभा राहिला आहे.

त्याचा इतिहास बघायचा तर इटलीतल्या बर्नार्डिनो रामाझ्झिनी या वैद्यापासून सुरुवात करावी लागते. १७०० साली त्यानं कामगारांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला आणि रोग्याला विचारायच्या प्रश्नांत एका प्रश्नाची भर घातली: तू काम कोणतं करतोस? मला त्याचं विशेष वाटतं ते दुसऱ्याच गोष्टीसाठी. ओझी वाहणाऱ्यांबरोबर त्यानं बसून काम करणाऱ्यांचंही दुखणं वेगळं नोंदवलं, शिंप्यांचं आणि चांभारांचं. तीनशे वर्षांपूर्वी त्याला जे दिसलं ते आमच्या वखारींत अजून दिसत नाही.

पुढे कारखाने आले आणि प्रश्न उलटा झाला. अमेरिकेत बेथलेहेम स्टीलच्या आवारात १८९९ मध्ये फ्रेडरिक टेलरनं लोखंडाच्या लाद्या उचलणाऱ्यांवर प्रयोग केले. एक माणूस दिवसाला साडेबारा टन भरत होता, तो सत्तेचाळीस टन भरू शकतो, असं त्यानं मांडलं. उचलण्याच्या मध्ये विश्रांती किती हवी याचाही त्यानं विचार केला, हे त्याच्या बाजूनं सांगायलाच हवं. पण ती विश्रांती टनांसाठी होती. आपल्याकडच्या तासाच्या भाड्यामागे आजही तोच हिशोब आहे.

दुसऱ्या महायुद्धात या शास्त्राला दुसरी दिशा मिळाली. अमेरिकेची बी-१७ विमानं जमिनीवर उतरल्यावर वैमानिक पंखांचे फ्लॅप मिटवायच्या ऐवजी चाकंच मिटवत आणि विमान पोटावर बसे. अल्फॉन्स चापानिस या मानसशास्त्रज्ञानं पाहिलं की दोन्हींची बटणं शेजारी-शेजारी आणि एकसारखी आहेत. त्यानं चाकाच्या दांड्याला चाकाच्या आकाराची मूठ लावायला सांगितली. चूक माणसाची म्हणून सोडून द्यायची नाही, ती यंत्राच्या रचनेत शोधायची, ही शिकवण तिथून आली. तशीच गफलत आपल्याकडे होते: खोदाई यंत्रांच्या लिव्हरच्या दोन पद्धती आजही चालू आहेत. एकीत डाव्या हाताच्या लिव्हरनं बूम वरखाली होतो, दुसरीत त्याच लिव्हरनं पुढचा हात हलतो. मालकानं जुनं मशीन विकून दुसरं घेतलं की आपला ऑपरेटर आठवडाभर चाचपडतो आणि त्या आठवड्यात खाली उभा असलेला हेल्पर जीव मुठीत धरून असतो. त्या वेळी अपघात झाला तर गावात एकच वाक्य ऐकू येतं: पोरगं नवं होतं.

१९४९ मध्ये ब्रिटनमध्ये ह्यूवेल मरेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या विषयाची पहिली संस्था स्थापन केली आणि शरीरशास्त्रज्ञ, अभियंते, मानसशास्त्रज्ञ एका टेबलाभोवती आले. त्यानंतर या विषयाची वेगवेगळी घराणी झाली. एक घराणं शरीर मोजतं: हाडं, स्नायू, हृदयाचे ठोके, मणक्यावरचा दाब. दुसरं लक्ष, डोळे आणि चुका बघतं. तिसरं कामाची सगळी घडीच तपासतं, म्हणजे कोण कुणाबरोबर काम करतो, पाळी किती तासांची, मजुरी कशी ठरते. या तिसऱ्याचा उगम लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेत, ब्रिटिश कोळसाखाणींवरच्या १९५१ च्या अभ्यासात. पण त्याचा एक गाजलेला प्रयोग आपल्या शेजारी झाला. १९५३ मध्ये ए. के. राइस यांनी अहमदाबादच्या कॅलिको मिलमध्ये स्वयंचलित मागांवरच्या कामगारांचे छोटे गट करून पाहिले आणि कामाची वाटणी गटावर सोपवली. माग तेच राहिले, उत्पादन आणि कापडाचा दर्जा दोन्ही सुधारले. नव्या यंत्राबरोबर कामाची मांडणीही नवी करावी लागते, हा धडा इतक्या जवळ मिळाला होता. चौथी वाट सगळ्यात साधी: काम करणाऱ्यालाच विचारायचं आणि कमी खर्चाचे बदल त्याच्याकडूनच करून घ्यायचे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं १९९६ मध्ये काढलेली चित्रमय सूचनावली या वाटेची. आमचा कल सरळसरळ या चौथ्या वाटेकडे आहे.

जंगलकामाची गोष्ट मात्र सविस्तर सांगायला हवी, कारण आपण आज जिथे उभे आहोत तिथून उत्तर युरोप पन्नास वर्षांपूर्वी गेला आहे. स्वीडनमध्ये हुडिक्सवाल नावाच्या गावात एक स्की बनवणारा उद्योजक होता. लाकूड भरायला ट्रकच्याच इंजिनाची ताकद वापरून हायड्रॉलिक हात चालवायचं त्याला सुचलं. १९४४ मध्ये त्यातून हिआब ही कंपनी उभी राहिली आणि ट्रकवर बसवलेल्या क्रेनचं युग सुरू झालं. त्याच सुमारास करवत यंत्रावर आली. काही वर्षांत जंगलकामगारांची बोटं थंडीत पांढरी पडायला लागली, बधिर व्हायला लागली. करवतीच्या थरथरीनं बोटांच्या रक्तवाहिन्या आवळल्या जात होत्या. मुठींना रबर आलं, करवती सुधारल्या, पुढे माणूस करवत सोडून बंद केबिनमध्ये बसला. १९५९ मध्ये स्वीडननं नव्या ट्रॅक्टरला उलटताना चालकाला वाचवणारी लोखंडी चौकट सक्तीची केली आणि उलटून मरणाऱ्यांची संख्या पुढच्या काळात खूप घटली.

आणि मग दुसरं दुखणं पुढे आलं. केबिनमध्ये ऊब होती, छत होतं, चौकट होती, तरी मान आणि खांदे धरायला लागले. जॉयस्टिकवर बोटं फक्त काही मिलिमीटर हलत होती, पण दिवसभर, आणि तेवढ्यासाठी खांद्याचा स्नायू क्षणभरही सैल पडत नव्हता. जड काम सोपं झालं होतं आणि सोपं काम कधी थांबत नव्हतं. त्यातून तिथे पुढची सुधारणा झाली: चालकाबरोबर फिरणारी केबिन, उतारावरही सपाट राहणारी सीट, हाताला पूर्ण टेका, मधूनमधून खाली उतरून दुसरं काम. यंत्र आलं की दुखणं जागा बदलतं, हे त्यांना दोन पिढ्यांनी कळलं. खानदेशात पहिली पिढी आत्ता कुठे सीटवर बसते आहे, म्हणून आपल्याला हे आधी कळू शकतं.

त्या सीटवर शरीरात काय चालतं? खडबडीत जमिनीवरचं मशीन सेकंदाला काही वेळा वरखाली हलतं. माणसाच्या धडाची स्वतःची लय सेकंदाला पाच हेलकाव्यांच्या आसपास आहे. मशीनचे धक्के त्या लयीला जुळले की पाठीचा कणा ते झेलत नाही, वाढवतो. मणक्यांमधल्या चकतीला रक्तवाहिनी नसते. हालचालीनं ती दबते, सुटते आणि तेवढ्यातच तिला पोषण मिळतं. तासन्‌तास एकाच वळणात बसलं की तिचं हे खाणंपिणं तुटतं. वर मान मागे वळवलेली, म्हणजे कणा पिळलेला. पिळलेल्या कण्यावर धक्का बसणं हे सरळ कण्यावर बसण्यापेक्षा कितीतरी वाईट. युरोपीय संघानं २००२ मध्ये दिवसभराच्या कंपनाला मर्यादा घातली: आठ तासांचा हिशोब करून ०.५ मीटर प्रति सेकंद वर्ग झालं की मालकानं उपाय सुरू करायचे, १.१५ ओलांडायचं नाही. आमच्या वखारींत हे मोजणारं यंत्रच नाही, तरी मोजायची पहिली वस्तू प्रत्येक चांगल्या सीटखाली असते.

एका जुन्या घेतलेल्या लोडरच्या सीटखाली मला वजनाचा खटका सापडला, ग्रीस आणि मातीनं बुजलेला. चालकाच्या वजनाप्रमाणे स्प्रिंग मऊ-कडक करायला तो असतो. काटा एकशेवीस किलोवर होता. चालक छप्पन्न किलोचा. एवढ्या कडक स्प्रिंगवर तो बसला की सीट दबतच नव्हती, लाकडी फळीसारखी प्रत्येक हादरा वर पाठवत होती. त्यावर त्यानं उशी टाकली होती, म्हणजे पाय पेडलपासून आणखी दूर. खटका फिरवायला आम्हाला रॉकेल आणि पाना लागला, वेळ लागला वीस मिनिटं. हा खटका काय असतो हे तीन वर्षांत त्याला कुणी सांगितलं नव्हतं. त्या मशीनचं ऑइल मात्र आवर मीटर बघून वेळच्या वेळी बदललेलं होतं.

शरीराची मापं हा प्रश्नही इथेच येतो. भोपाळच्या केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेत एल. पी. गिते आणि सहकाऱ्यांनी देशभरच्या शेतकामगारांची एकोणऐंशी शरीरमापं आणि ताकदीची सोळा मापं गोळा केली. २००९ मध्ये ती प्रसिद्ध झाली. त्याआधी १९९७ मध्ये अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेनं देवकुमार चक्रवर्ती यांचं भारतीय शरीरमापांचं पुस्तक काढलं होतं. आपल्या शेतकामगार पुरुषाची सरासरी उंची एकशेत्रेसष्ट सेंटीमीटरच्या आसपास. पाच फूट दहा इंचांच्या माणसासाठी आखलेल्या केबिनमध्ये तो बसला की सीटच्या टोकावर येतो, पाठ टेकत नाही आणि ब्रेक दाबताना टाच अधांतरी राहते. आकडे देशात आहेत. ते सीट विकणाऱ्या दुकानापर्यंत आलेले नाहीत.

खानदेशाचं लाकडाशी नातं जुनं आहे. तळोदा हा एकेकाळी इथला लाकडाचा मोठा बाजार, आणि तिथल्या बैलगाड्यांचं नाव होतं. सातपुड्याच्या कुपांतला साग आणि अंजन बैलांनी ओढून खाली येई. स्वातंत्र्याच्या सुमारास जंगल कामगारांच्या सहकारी संस्था निघाल्या तेव्हा ठेकेदाराऐवजी आदिवासी तोडणाऱ्यालाच कामाचा मोबदला मिळावा हा हेतू होता. आज वखारीत येणारा माल बहुतेक बांधावरचा आणि शेतातला आहे, पण उचलण्याची गरज तेवढीच आहे. शिवाय उचलायचं असतं ते फक्त लाकूडच नाही. रावेर-सावद्याकडे केळीचे घड अजून बऱ्याच ठिकाणी डोक्यावर चुंबळ ठेवून शेतातून बाहेर येतात. जिनिंगमधून रुईची गाठ बाहेर पडते ती एकशेसत्तर किलोची. ऊस, मुरूम, वाळू, सगळं भरायचं आणि उतरवायचं असतं. भरणं हाच आमच्या भागाचा एक मोठा धंदा आहे, तो कुठल्या एका खात्यात मोडत नाही एवढंच.

यंत्राशीही नातं आहे. अंमळनेरला १९४५ मध्ये खाद्यतेलाच्या धंद्यातून जी कंपनी निघाली तीच पुढे विप्रो झाली, आणि १९७० च्या दशकात तिनं हायड्रॉलिक सिलिंडरही बनवायला घेतले. ग्रॅबरचा हात ज्यावर उचलला जातो ते हेच सिलिंडर. शिरपूर तालुक्यात २००४ पासून भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांनी नाले रुंद आणि खोल करून पाणी जमिनीत मुरवलं. शिरपूर पॅटर्न म्हणून महाराष्ट्रभर ते काम गाजलं आणि गाजायलाच हवं होतं. पोकलेन आणि जेसीबीशिवाय ते झालं नसतं. किती नाले, किती पाणी, किती विहिरी भरल्या याचे हिशोब ठेवले गेले. त्या उन्हाळ्यांत काळ्या बेसॉल्टवर यंत्राचे दात घासत जे बसून होते त्यांच्या कण्याचा हिशोब कुठल्या रकान्यात घालायचा हे कुणाला सुचलं नाही. मलाही तेव्हा सुचलं नव्हतं.

आणि ऊन. जळगाव-भुसावळचा पारा मे महिन्यात पंचेचाळीसच्या पुढे जातो. वर पत्रा, समोर इंजिन, बाजूला हायड्रॉलिकचं तापलेलं तेल. केबिनला एसी असला तरी डिझेल वाचवायला तो बंद असतो. लघवीला उतरावं लागू नये म्हणून चालक पाणीच कमी पितात. ही गोष्ट मला इतक्या जणांनी इतक्या सहज सांगितली की ती आजाराचं कारण असू शकते याचंच त्यांना नवल वाटलं. घाम जातो, पाणी येत नाही, लघवी दाट होते आणि मुतखड्याला जागा मिळते. वर कमरेसाठी मेडिकलमधून आणलेली दुखणं मारायची गोळी. कोरड्या पडलेल्या मूत्रपिंडावर ती गोळी रोज पडत राहते. कंबर आणि मूत्रपिंड ही एकाच कहाणीची दोन टोकं आहेत, हे मला फार उशिरा कळलं.

कायद्यानं हमालाला ओळखलं. १९६९ चा माथाडी कायदा ही महाराष्ट्राची अभिमानाची गोष्ट आहे. अण्णासाहेब पाटील, बाबा आढाव यांच्यासारख्यांनी अंगमेहनतीचं काम करणाऱ्याला नोंद, मजुरीची हमी आणि मान मिळवून दिला. १९६७ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं एका पुरुषानं पंचावन्न किलोहून अधिक ओझं वाहू नये अशी शिफारस केली. पण या साऱ्या विचाराच्या मध्यभागी डोक्यावरचं आणि पाठीवरचं ओझं आहे. ओझं लिव्हरच्या टोकाला गेलं की माणूस त्या चौकटीतून अलगद बाहेर पडतो. तो कुणाचा कामगार? मशीनच्या मालकाचा. मालक कोण? बहुधा त्याच्याच गावचा, कर्ज काढून मशीन घेतलेला, हप्त्यानं पिचलेला माणूस. दोघांत नातं भाऊ-दादाचं. अशा नात्यात तक्रार होत नाही, नुसतं काम सोडलं जातं.

म्हणून हे पुस्तक आत्ता. गावोगाव मजूर मिळत नाही म्हणून यंत्र येतं आहे आणि दहा वर्षांपूर्वी सीटवर बसलेली पहिली पोरं आता पस्तिशीला पोचली आहेत. त्यांचं दुखणं जुनं व्हायच्या आत हातात काही द्यावं, एवढी घाई आहे. पुस्तकात डॉक्टर, ट्रॅक्टर मेकॅनिक, कृषी अभियंते आणि स्वतः ऑपरेटर यांचं लेखन आहे. त्यांची मतं सगळीकडे जुळत नाहीत आणि आम्ही ती जुळवली नाहीत. मेकॅनिक म्हणतो सीट बदला, डॉक्टर म्हणतो तास कमी करा, ऑपरेटर म्हणतो तास कमी केले तर घर कसं चालेल. तिघंही खरं बोलतात. परदेशी मर्यादा आम्ही जशाच्या तशा उचललेल्या नाहीत. कोणती आपल्याकडे आज लावता येईल आणि कोणत्या मर्यादेसाठी आधी मोजमाप हवं, ते त्या-त्या ठिकाणी सांगितलं आहे. औषधांची नावं मुद्दाम टाळली आहेत. ज्यांनी आपलं अंग मोजू दिलं त्यांनी नाव छापू नका असं सांगितलं, कारण दुखणं छापलं गेलं की काम मिळायचं नाही. त्यांच्यापुढे मी हात जोडतो.

पुस्तक छापायला जाण्याआधी आम्ही त्याचे भाग संध्याकाळी चहाच्या टपरीवर वाचून दाखवले, कधी मराठीत, कधी अहिराणीत समजावून. ऐकणारे फारसं बोलत नसत. चित्रं मात्र हातात घेऊन बघत. एका चित्रात चालक सरळ बसलेला होता, पाठ टेकलेली, तळवे पेडलवर सपाट. वखारीतल्या त्या मुलानं ते बराच वेळ पाहिलं आणि म्हणाला, पाय असे टेकत नाहीत. मग ट्रॅक्टरवर चढून बसला आणि म्हणाला, आता काढा. टाच वर होती, चार बोटं. चित्रकारानं तिथेच पेन्सिल काढली. पहिल्या पानावरचं चित्र ते आहे.

जळगाव